गोठ्यातली चूल

पुसेगाव
२६ नोव्हेंबर २०२३

रूपाआत्या,

नमस्कार. बाबा म्हणाले, तुझ्या आत्याला फोनवर काही ऐकू येत नाही, तिला पत्र लिही. मी म्हटलं मेसेज करतो. तर म्हणाले, ती मोबाइल फक्त वेळ बघायला वापरते. मलाही ते बरंच पडलं. काचेवर माझी बोटं हल्ली भलत्याच अक्षरावर पडतात. पेन हातात आहे एवढं निदान डोळ्यांनी दिसतं.

हकीकत अशी. दिवाळीला घरी आलो तो परत चाकणला गेलोच नाही. ऑगस्टपासून पायांना मुंग्या येतात. आधी तळवे, मग घोटे, आता गुडघ्याखाली सगळा कापूस भरल्यासारखं वाटतं. गेल्या सोमवारी दुकानातून घरी आलो तर आई माझ्या पायांकडे बघत राहिली. "एक चप्पल कुठं हाय रे?" चप्पल अर्ध्या रस्त्यात पडली होती आणि मला पत्ता नव्हता. आईनं जाऊन शोधून आणली.

कंपनीत माझं काम म्हणजे तयार झालेल्या भागांवरून बोट फिरवायचं आणि कुठं खरखर लागते ते सांगायचं. बोटांनाच काही कळेना म्हटल्यावर साहेब म्हणाले, बरा होऊन ये. ते चांगल्या शब्दांत म्हणाले, एवढं खरं.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी गुडघे ठोकले, रक्त तपासलं, बी-बारा कमी आहे म्हणाले. "शाकाहारी का?" असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "माळकरी घर हाय साहेब. वीस वर्सं झाली, अंडं सुदिक उंबऱ्याच्या आत आलं न्हाई." डॉक्टर म्हणाले, मग बरोबर आहे, असे खूप पेशंट येतात. तीन-तीन दिवसांनी इंजेक्शन चालू केलं आहे.

तू तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होतीस, म्हणून बाबांना तुझं मत हवं आहे. मला विशेष काही विचारायचं नाही.

तुझा,
स्वप्निल

•

कळमनुरी
२ डिसेंबर २०२३

स्वप्निल,

घरगुती पत्र आणून देताना पोस्टमननं मला दोनदा नाव विचारलं. त्याला वाटलं बँकेचंच काहीतरी असेल.

मी आधी पत्र वाचलं नाही, अक्षर बघितलं. पहिल्या पाच ओळी सरळ आहेत. मग तुझं पेन कागदात रुतायला लागलंय, मागच्या बाजूनं हात फिरवला तर ओळ न ओळ हाताला लागते. ज्याला पेन पकडलेलं कळत नाही तो असं दाबून लिहितो. म्हणून पुढची पत्रंही हातानंच लिहायची आणि पोस्टाच्या पेटीत स्वतः चालत जाऊन टाकायची. बाबांच्या मोटारसायकलवर बसून गेलास तर मला अक्षरावरून कळणार नाही, पण तुझ्या पायांना कळेल.

आता एवढं सांग. डोळे मिटून उभा राहिलास तर काय होतं? आणि मान खाली घालून हनुवटी छातीला लावली तर पाठीतून काही जातं का? पुण्याकडं दारूबिरू होती का तेही सांग. मी पोलीस नाही आणि तुझ्या बाबांसारखी कीर्तनाला जाऊन बसणारीही नाही.

बी-बारा कमी असेल तर डॉक्टर बरोबरच बोलले. मी तुझ्या आईला वीस वर्षं सांगत आलेय, वहिनी, पोराला अंडं तरी खाऊ घाला, विठोबा काही ताटात डोकवायला येत नाही. तिला हे वाचून दाखव. म्हणावं, घातली माळ आणि घालवले पोराचे पाय! चिडेल आणि मला चार शब्द सुनावेल. तेवढीच तिची-माझी बोलाचाली.

इंजेक्शनानं दोन-तीन आठवड्यांत थोडा तरी फरक दिसायला हवा. दिसला की कळव.

आत्या

•

पुसेगाव
१३ डिसेंबर २०२३

आत्या,

हे पत्र मी चालत जाऊन टाकणार आहे. पोस्ट आपल्या घरापासून सहाशे पावलं आहे. आधी चारशे होतं. अंतर तेच आहे, पावलं आखूड झाली.

डोळे मिटले की जग हलतं. हे मला तुझ्या पत्राआधीच माहीत होतं. सकाळी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ न्हाणीत आडवा झालो. आता भिंतीला पाठ टेकवून तोंड धुतो. मान वाकवली की पाठीच्या कण्यातून करंट उतरतो, पार पायांच्या अंगठ्यापर्यंत. तुला हे कसं कळलं?

दारू घेत नव्हतो. एक-दोनदा बिअर घेतली असेल. खरं सांगतो, दारू नाही.

सहा इंजेक्शनं झाली. फरक नाही. उलट परवापासून डावं पाऊल जमिनीला घासतं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नांदेडला पाठीच्या कण्याची तपासणी करून घेऊ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती चिडली नाही. ज्वारीचं पीठ मळत होती, हात थांबला. "ताई तसं म्हणल्या?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चेष्टा करते ती. ती पुन्हा पीठ मळायला लागली. भाकरी मात्र त्या दिवशी करपल्या.

स्वप्निल

•

पुसेगाव
२७ डिसेंबर २०२३

रूपाताई,

तुमाला द्वारकाचा नमस्कार. माजं अक्षर चौथीपुरतं हाय, समजून घ्या. सपनीलला ह्ये पत्र म्हाईत न्हाई.

ताई, तुमी लिवलं ते बराबर हाय. म्या लई इचार केला. ल्योक सहा वर्साचा होता, तापानं फणफणला होता, तवा म्या माळ घातली. तुमाला याद असल, तुमीच दवाखान्यात रातध्याड त्याच्याजवळ होत्या. तुमी म्हणलं, सलाइननं वाचला. म्या म्हणलं, देवानं वाचवला. मंग वीस वर्सं माज्या हातचं जेवण खाऊन त्याचे पाय गेले. ज्याच्यापायी घातली, त्याच्यापायी काढली. माळ देवघरात खुंटीला हाय.

आता म्या त्याला रोज दोन अंडी देऊन राहिले. आयतवारी कलेजी बी आणली. घरात कसं शिजवावं, म्हणून गोठ्यात तीन दगडाची चूल मांडली. भगुनं येगळं, चमचा येगळा. शिजवून झालं की आंगोळ करते, मंगच सैपाकघरात जाते. तुमचे भाऊ आता ताट घिऊन ओसरीवर जेवतात. पहिल्या दिशी तोंड फिरवून कलेजी कापली. आता बघून कापते.

पर ताई, पंदरा दिस झाले, पायाला आराम न्हाई. अजूक काय घालू? बकऱ्याच्या पायाचं सूप देऊ का? तुमी दवाखान्यात जिंदगी घातली, खरं सांगा.

अजूक एक. गोठ्यात चूल मांडताना कोपऱ्यात बियाण्याचं पोतं निघालं. त्यात लोखंडाच्या चकचकीत बारक्या नळकांड्या. अंगठ्याएवढ्या. सपनीलला पुसलं, तं म्हणला कंपनीचे टाकाऊ पार्ट हायत. म्या म्हणलं, टाकतो काहून? जवारी आता हुरड्यात आली, पाखरं लई. सुतळीत ओवून बांधावरच्या लिंबापासून बाभळीपर्यंत लटकवल्या. एकशे चाळीस भरल्या. वारं आलं की मस खुळखुळतात, एक चिमणी बसंना. पोत्यात फुग्याचं पाकीट बी होतं, कंपनीत हॅपी बड्डे करत असतील. त्ये शेजारच्या लेकरायला वाटलं.

तुमची,
द्वारका

•

कळमनुरी
३१ डिसेंबर २०२३

स्वप्निल,

हे पत्र एकटा असताना वाच.

मी नोकरीतली बारा वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली. तिथे भुलीच्या डॉक्टरांकडे एक गॅस असायचा, पेशंट त्याला हसायचा गॅस म्हणायचे. तोच गॅस लहान नळकांड्यांतून क्रीम फुगवायला मिळतो आणि पोरं तो फुग्यात भरून ओढतात, हे मी वर्षभरापूर्वी पेपरात वाचलं होतं. वाचून पान उलटलं. आपल्या घरात कोण ओढणार, असं वाटलं.

तुझ्या आईनं पुसेगावच्या ज्वारीवर एकशे चाळीस नळकांड्या टांगल्या आहेत. तिनं मोजून सांगितल्या. तिला वाटतं कंपनीचे पार्ट आहेत.

पोतं गोठ्यात होतं, चाकणच्या खोलीत नव्हतं. म्हणजे तू दिवाळीनंतर तिथे घरी ओढलास आणि इंजेक्शन चालू असताना ओढलास. तो गॅस अंगातलं बी-बारा निकामी करतो. टाकीत पाणी सोडायचं आणि खालचा नळ उघडा ठेवायचा, असा तुझा इलाज चालू आहे. सहा काय, साठ इंजेक्शनं घेतलीस तरी उपयोग नाही. आणि हे असंच चालू ठेवलंस तर पायांनंतर लघवीवरचा ताबा जातो, मग काठी, मग खाट. मी अशी माणसं सांभाळली आहेत, वेगळ्या कारणानं झालेली. तुला घाबरवत नाही, माहिती देते.

तुझी आई गोठ्यात कलेजी शिजवते, हे तू मला कळवलं नाहीस. तिनं माळ काढली, हेही नाही. तू समोर बसून अंडी खात होतास.

पण तुला बोलायचा मला पुरता हक्क नाही. त्या माळेवरची चेष्टा माझी होती. मी निदान नीट केलं नाही आणि वर तोंड चालवलं. घरात तिघं, म्हणजे तुझी आजी होती तेव्हा चौघं, तेच अन्न खात आले. पाय एकाचेच गेले. नर्सला हा प्रश्न पहिल्या पत्रालाच पडायला हवा होता. मला लाज वाटते.

डॉक्टरांना सांग. हे पत्र मिळालं त्याच दिवशी सांग, शक्यतो आडवळणं न घेता, सरळ. आईला मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे.

आत्या

•

पुसेगाव
९ जानेवारी २०२४

आत्या,

डॉक्टरांना सांगितलं. बाबा बाहेर बाकावर बसले होते तेव्हा. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "शेवटचा कधी?" मी म्हटलं, तीन तारखेला. तुझं पत्र चारला आलं. पोत्याबाहेर लपवून ठेवलेली अकरा भरलेली नळकांडी मी त्यांच्याच टेबलावर ठेवली. त्यांनी ती खोक्यात घालून ड्रॉवरमध्ये टाकली. गोळ्या बदलल्या (नावं मागच्या पानावर लिहिली आहेत), इंजेक्शन आता रोज. म्हणाले, सहा महिने धर, वर्षही लागेल. थोडा बधिरपणा कायमचा राहू शकतो.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. खोलीत आम्ही चारजण होतो. कुणाच्या तरी वाढदिवसाला पहिला फुगा आला. अर्धा मिनिट असं हसलो की पोट दुखलं. वास नाही, दुसऱ्या दिवशी डोकं धरत नाही, रात्रपाळीला जाता येतं. म्हणून दर शनिवारी. मग मधल्या वारीही. हसू तिसऱ्या महिन्यातच संपलं होतं. नंतर फक्त अर्धा मिनिट काहीच वाटायचं नाही, तेवढ्यासाठी. बाकीच्या तिघांचे पाय ठणठणीत आहेत. ते अंडी-मटण खातात, म्हणजे आईच्या स्वयंपाकाचा यात अगदीच हात नाही असंही नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. डॉक्टर म्हणाले, बी-बारा आधीच थोडं कमी असेल, पण नुसत्या त्यानं तू पडला नसतास.

इथे आल्यावर पायांची भीती वाटायची. भीती वाटली की गोठ्यात जायचो. पाय ज्यानं गेले त्याच्याकडेच जायचो हे मला ठाऊक होतं. खूप आधी मी मोबाइलवर वाचलं होतं. तेव्हा अजून घोट्यापर्यंतच होतं.

आईला सांगितलेलं नाही. दोनदा सुरुवात केली. एकदा बाबा आले, एकदा ती म्हणाली, आधी अंडं खाऊन घे, थंड होतं.

शेतात गेलं की ती दोरी वाजते. वारा नसला तरी मला वाटतं वाजते.

स्वप्निल

•

कळमनुरी
१५ जानेवारी २०२४

पत्र मिळालं. गोळ्यांची नावं वाचली, ठीक आहेत. कार्डावर जास्त लिहीत नाही, पोस्टमन वाचतो. राहिलेलं काम कर.

आत्या

•

पुसेगाव
४ फेब्रुवारी २०२४

आत्या,

काम झालं.

गेल्या आठवड्यात गावात सप्ताह होता. शेवटच्या दिवशी काल्याचं जेवण असतं. त्या पोळ्या गावातल्या माळकरी बायका लाटतात, मांडवात एका ओळीत बसून. मला समजायला लागल्यापासून आई त्या ओळीत पहिल्या पाटावर. बाकीच्यांच्या पोळ्या फाटल्या की तिच्याकडे यायच्या. यंदा मी काठी घेऊन गेलो, तर ओळीत ती दिसली नाही. मागे बोअरजवळ बसून ती उष्टी ताटं घासत होती. तिला कुणी उठवलं नव्हतं. बायका बोलवत होत्या, "द्वारकामाय, या की." ती म्हणत होती, "माजा हात आता त्या कामाचा न्हाई." हसूनच म्हणत होती. मी एक भांडं विसळायला घेतलं, ते हातातून निसटलं. ती म्हणाली, "ठिव तू. तुला जोर न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यामागे शेतात गेलो. अर्ध्या तासाची वाट, मला तासाच्या वर लागला. ती धुऱ्याच्या बांधावर बसून कणीस चोळत होती. मी उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर उठता आलं नसतं. नळकांडी, फुगे, चाकण, गोठा, सगळं. मी ते कंपनीत अहवाल देतात तसं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या आवाजात जमलं नसतं.

ती कणीस चोळत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हंजी माज्या हातच्या जेवणानं न्हाई?"

मी म्हटलं, नाही.

"सैपाकानं न्हाई?"

नाही.

"माळेनं बी न्हाई?"

तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर ती उठली आणि तिनं मला एक ठेवून दिली. गाल बधिर नाही माझा, चांगला लागला. मी तोल जाऊन ज्वारीत बसलो. मग तीही तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बराच वेळ रडली. मला वाटलं माझ्या पायांसाठी रडते. पण ती मधेच म्हणाली, "दीड महिना झाला रे, म्या देवाकडं तोंड करून उभी न्हाई राहिले." मीही रडलो, हे तुला सांगतो. बाकी कुणाला सांगणार नाही.

मी दोरी कापायला विळा मागितला. तिनं दिला नाही. म्हणाली, "राहू दे. पाखरं काई बसून राहिली न्हाई. काढणी झाल्यावर तोड, तुझ्या हातानं."

माळ घाल म्हटलं, तर ऐकेना. डॉक्टरांनी अंडी चालू ठेवायला सांगितली आहेत, आणि अंड्याला हात लावते तोवर माळ नको, असं तिचं म्हणणं. तेव्हा मी म्हटलं, अंड्याला तू हात लावूच नको. गोठ्यातली चूल आता माझ्याकडे आहे. पाच दिवस झाले. पाणी किती तापलं हे बोटाला कळत नाही, त्यामुळे दोनदा भाजलं. भाजल्याचं फोड आल्यावर कळलं. अंडं सोलताना टरफलाबरोबर निम्मं अंडं जातं. बैल माझ्याकडे बघत उभा असतो.

स्वप्निल

•

कळमनुरी
१२ फेब्रुवारी २०२४

द्वारकावहिनी,

हे पत्र तुम्हाला आहे, स्वप्निलला नाही. सावकाश वाचा, मी मोठं अक्षर काढलं आहे.

तुम्ही मला विचारलं होतं, खरं सांगा. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण खरं सांगायचं काम पोराचं होतं. आता सांगते. तुमच्या अन्नानं काही झालं नाही. मी जे लिहिलं ते चेष्टेत लिहिलं आणि ते चुकीचं होतं. मी शिकलेली, तुम्ही माळकरी, म्हणून मला वीस वर्षं वाटत आलं की तुम्हाला टोचायचा मला हक्क आहे. दवाखान्यात एखाद्या आयाबाईनं पेशंटच्या आईला असं म्हटलं असतं, तर मी तिला बाहेर काढलं असतं. मला माफ करा.

तो सहा वर्षांचा असताना वाचला तो सलाइननं, हे मी आजही म्हणेन. पण सलाइन चालू असताना तीन रात्री त्याचा हात हलू नये म्हणून धरून कोण बसलं होतं, तेही मला आठवतं. मी ड्यूटी संपली की खुर्चीत झोपत होते.

माळ परत घालायची काय रीत असते ते मला माहीत नाही. जी असेल ती करा.

रूपा

•

पुसेगाव
१० मार्च २०२४

रूपाताई,

नमस्कार. तुमचं पत्र म्या तीनदा वाचलं. माफी कशाची मागता, तुमी मोठ्या. पर मागितली ते बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

जवारी निघाली. यंदा दाणा टपोरा हाय, पाखरानं एक कणीस खाल्लं न्हाई. सपनीलनं सोताच्या हातानं सुतळी तोडली, नळकांड्या भंगारवाल्याला दिल्या. तो काठीबिगर पोस्टात जाऊन राहिला आता. डावं पाऊल अजूक घासतंय थोडं. म्हणला, साडेचारशे पावलं झाली. ह्ये तुमालाच समजल, मला काई समजलं न्हाई.

गेल्या बुधवारी त्यानं पुरं अंडं सोललं, कुठं फाटलं न्हाई. वाटीत घालून मला दुरून दाखवाया आला. मंग म्या कीर्तनवाल्या संतराम महाराजायला पुसलं, माळ पुन्हा कशी घालावी? मला वाटलं प्रायश्चित्त सांगतील. महाराज म्हणले, "ज्याच्यापायी काढली, त्याच्या हातानं घाल."

एकादशीला आंगोळ करून देवापुढं बसले. सपनीलकडं पाठ केली. माळेच्या मागं दोरा असतो बारीक, त्याची गाठ मारावी लागते. त्याच्या बोटाला दोराच लागंना. धरला की सुटायचा, धरला की सुटायचा. तुमचे भाऊ म्हणले, आण इकडं मी बांधतो. म्या हातानंच त्यायला थांबवलं. मान दुखून आली, पर हालले न्हाई. माज्या मानेवर त्याची बोटं थंडगार लागत होती. लई येळानं म्हणला, "आई, बसली का गं गाठ? मला समजत न्हाई."

म्या म्हणलं, बसली.

तुमचे भाऊ आता माज्यासंग आत जेवतात.

ताई, गाठ ढिली हाय. दोन येळा सुटली. एकदा विहिरीवर, एकदा भाकर थापताना. तो समोर असला की म्या पदराखालून हातानं धरून ठिवते. दुसऱ्याकडून पक्की बांधून घ्यावी तं त्याच्या ध्यानात यील. बोटाला समजाया लागलं की तोच पुसल, तवा बांधीन म्हणते.

तवर तुमी बी सांगू नका.

तुमची,
द्वारका